सहाशे ओहम

‘तू बहिरी आहेस का?’ नबीहा मॅडमचा निरोप एवढाच होता. त्याच्याखाली माझी फाइल, परत आलेली.

ही दुसरी वेळ. नबीहा मॅडम इथे अम्मानमधल्या एका डबिंग स्टुडिओत आवाज तपासतात. तुर्की मालिकांना अरबी आवाज दिले जातात, ती रेकॉर्डिंगं मी घरी बसून साफ करते. ओठांची चटचट, श्वास, कागदांची सळसळ, खोलीतली घरघर, सगळं काढून टाकायचं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन वर्ष होत आलं, आणि हाती लागलेलं हे पहिलं काम, तेही आधी चाचणीवर. चाचणीचा आता एकच छोटा प्रसंग उरला होता. तो दुपारी चारच्या आत पाठवायचा, आणि तोही परत आला तर काम दुसऱ्या कुणाला देणार, असं त्यांनी बजावलं होतं.

मी बहिरी नव्हते. मला ऐकू येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते मी सकाळी मोजून काढलं होतं.

हेडफोन मामानं आणले होते. जदआन मामा आयुष्यभर अकाबाच्या रस्त्यावर ट्रक चालवत आला. आवाजातलं त्याला काही कळत नाही, पण त्याच्या मित्राला, अबू गैथला कळतं, अशी त्याची श्रद्धा. गार्डन्स रस्त्यावर अबू गैथचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. खोका माझ्या हातात देताना मामा म्हणाला होता, “सहाशे ओहम! दुकानात याच्या वर नाही.” जणू इंजिनाची ताकदच सांगतोय.

ओहम म्हणजे ताकद नव्हे, अडथळा. माझं साउंड कार्ड लहानसं, लॅपटॉपला वायरीनं जोडायचं. मी त्यातून एक सलग सूर वाजवला आणि मल्टिमीटर लावला. पुरा आवाज चढवूनही अर्धा व्होल्ट. एवढ्याशा धक्क्यानं सहाशे ओहममधून जे पलीकडे पोचतं, ती कुजबूज. नटीचा संवाद तेवढा ऐकू येतो, त्याच्या खाली काय घरघरतंय ते बुडून जातं. नबीहा मॅडमना ते ऐकू येत होतं आणि मी ते साफ केल्याचं समजून पाठवत होते.

“मामा, हे बदलायचेत. आत्ता.”

“अबू गैथकडची वस्तू परत न्यायची?” मामानं गाडीच्या किल्ल्या मुठीत दाबल्या. “त्याला काय वाटेल?”

“मला काय वाटतंय ते विचार ना कधीतरी!”

तो पाय आपटत गाडीकडे निघाला. मी लॅपटॉप, कार्ड आणि हेडफोनचा खोका पिशवीत घातला आणि मागोमाग गेले.

अबू गैथनं मामाला मिठी मारली, माझ्याकडे मान हलवली आणि थर्मासमधून कडू कॉफी दोन छोट्या कपांत ओतली. वेलदोड्याचा वास दुकानभर पसरला. प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून होते, त्यांच्या हातातही कप होता.

मी खोका काउंटरवर ठेवला आणि कार्डाचं सांगायला लागले. अबू गैथनं दोन वाक्यं ऐकली आणि उत्तर दिलं ते मामाला, नेहमीसारखी त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारून.

“अबू मिशाल, पोरींना हे जड होतात. केस चपटे होतात ना! गुलाबी दाखवू का तिला? मांजराचे कान असलेले आलेत.”

मामा हसला. मित्राचा मान राखायला हसला हे मला कळलं, म्हणूनच जास्त झोंबलं.

“मी वजनाचं बोलत नाहीये,” मी म्हटलं.

“बाळ, मी वीस वर्षं हे विकतोय. ये, ऐक.” त्यानं माझेच हेडफोन काउंटरवरच्या जाडजूड अ‍ॅम्प्लिफायरला जोडले. आवाज गडगडला. “बघ! आहे काही कमी?”

“हा अ‍ॅम्प्लिफायर मी घरी नेऊ का?”

“जीभ बघा हिची!” तो मामाला म्हणाला. “कॉफी पी, बाळ. थंड होतीये.”

मी कप उचलला आणि न पिता, काउंटरच्या मधोमध, त्याच्यासमोर ठेवला.

म्हाताऱ्यांनी प्रिंटरवरून मान वर केली. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. कप असा ठेवायचा तो मागणं घेऊन आलेल्या मंडळींनी. मुलगी मागायला, खुनाची तडजोड करायला पंधरा-वीस माणसं येतात, त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा कप खाली ठेवतो, आणि यजमान हो म्हणेपर्यंत कुणी घोट घेत नाही. मामा अशा कितीतरी बैठकांना गेलेला. हेडफोनसाठी कप ठेवलेला त्यानं कधी पाहिला नसणार.

“रनीम! उचल तो. खेळणं आहे का हे?”

अबू गैथ मात्र पोट धरून हसला. “अरे वा, मंडळी आली माझ्या दारात! माझ्या गैथला मागणी घालायला आलीस का? तो अजून शाळेत आहे गं!” आणि हसण्याच्या भरात, यजमानाचं जिभेवर बसलेलं वाक्य तो बोलून गेला. “पी, पोरी, पी. जे मागायला आलीस ते दिलं!”

“दिलं?”

“दिलं, दिलं.”

“मग दुकानातला प्रत्येक हेडफोन मी माझ्या कार्डाला लावून बघणार. पसंत पडेल तो नेणार. हे सहाशेवाले तुम्ही परत घेणार.”

त्याचं हसू विरलं. “अगं, मी गमतीत म्हटलं. सगळे खोके फोडायचे? आणि असलं मागणं पुरुष करतात, बाळ. मुलीच्या कपाचं काय एवढं...”

“शब्द गेला, अबू गैथ,” म्हातारे म्हणाले. “मी ऐकला.”

मामानं आपला कप ओठांपर्यंत नेला होता. तो तसाच थांबला. मग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर माझी धडगत नाही, आणि कप माझ्या कपाशेजारी आदळला. “मुलीचा चालत नसेल तर हा माझा धर.”

अबू गैथनं कटर उचलून पहिला खोका असा फाडला की पुठ्ठ्याचे तुकडे उडाले.

मी लॅपटॉप उघडला. उरलेला प्रसंग लावला आणि एकेक जोडत गेले. सोळा ओहमवाल्यांत आवाज मोठा, पण माझ्या कार्डाचाच फुसफुसाट कानात भरला, आणि खालचे सूर नको तितके फुगले. कार्डाचा स्वतःचाही अडथळा असतो. माझ्या कार्डाचा दहाच्या आसपास, आणि हेडफोनचा त्याच्या सात-आठ पट असला तर दोघांचं जमतं. अडीचशेवाले पुन्हा कुजबुजले.

“हे बघ, हे सोनेरी, सगळ्यात महाग,” अबू गैथ म्हणाला.

“मी किंमत ऐकायला आले नाहीये.”

सगळ्यात खालच्या फळीवर एक काळा, बोजड, उसवलेल्या खोक्यातला निघाला. ऐंशी ओहम. तो कानांवर घातला आणि नटीचं वाक्य संपल्यावर, तिच्या पुढच्या श्वासाच्या आधी, मला ते ऐकू आलं. लांब कुठेतरी फ्रिज चालू होता. सारखा, एकाच सुरात. किती उघड होता तो! दोन फायली मी त्या फ्रिजसकट धाडल्या होत्या.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. स्टूल ओढून मी तिथेच कामाला लागले.

“झालं ना आता?” अबू गैथनं कप माझ्याकडे सरकवला. “पसंत पडला, दिला. पी.”

“हे सहाशेवालेही उत्तम आहेत म्हणाला होतात. आधी नबीहा मॅडमकडून पास होऊ दे.”

“म्हणजे तोवर तुम्ही दोघं माझ्या दुकानात अशी कप ठेवून बसणार? गिऱ्हाइकं बघतायत!”

“बघू देत,” मामा म्हणाला. त्याला सिगारेटबरोबर कॉफी लागते. सिगारेट त्यानं नुसतीच पेटवली.

मी फ्रिजची घरघर काढली, दोन श्वास हलके केले, एका जागी बांगडी वाजली होती ती पुसली. म्हाताऱ्यांचा प्रिंटर दुरुस्त झाला तरी ते उठले नाहीत. चारला थोडी मिनिटं असताना फाइल गेली.

उत्तर यायला वेळ लागला. फोन काउंटरवर दोन कपांच्या मध्ये होता आणि आम्ही चौघंही त्याच्याकडेच बघत होतो.

‘ठीक. रविवारी पुढचा भाग पाठवते.’

मी ते मोठ्यानं वाचलं. मामानं कप उचलला. मीही उचलला आणि एका घोटात रिकामा केला. गारढोण, कडूजहर.

अबू गैथनं खोक्यांच्या ढिगाऱ्यावरून हात फिरवला, मग सहाशेवाले उचलून पुन्हा वरच्या फळीवर, अगदी समोर मांडले. ‘सर्वांत जास्त ओहम’ ही चिठ्ठी त्यांच्यापुढे सरळ केली. मग थर्मास घेऊन तो माझ्याकडे आला, मोठ्या मनानं हसत.

“गेला ना राग? आता गरम घे एक.”

मी त्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि पुरे म्हणून कप हलवून त्याच्या हातात दिला.

“कॉफी पुरे,” मी म्हटलं. “ती चिठ्ठी काढा.”