खलनायकाचं शेवटचं भाषण

खर्जरावांनी चाळीस वर्षांत परक्या सिनेमांतल्या तीनशे बारा खलनायकांना आपला आवाज दिला. त्यातले तीनशे अकरा शेवटच्या दहा मिनिटांत मेले. उरलेला वाचला, तो शेवटचं रीळच हरवलं म्हणून.

काचेच्या खोलीत पडद्यावरच्या ओठांवर शब्द बसवायचे आणि बाहेर आले की सांगायचे, ही खलनायक मंडळी कच्ची. त्यांना दुसऱ्याच्या ताटातलं हवं असतं. खरा स्वार्थवाद ग्रंथांत मांडलाय: कुणाचं घ्यायचं नाही, कुणासाठी झिजायचं नाही, आपण आपल्यापुरतं जगायचं, हाच सद्गुण. मेव्हणे दवाखान्यात होते तेव्हा धाकट्या बहिणीने दोन दिवसांची सोबत मागितली, तर तिलाही त्यांनी हेच प्रवचन झोडलं होतं. मेव्हणे गेले. सहा वर्षं तिचा फोन नाही.

आता खर्जरावांच्याच डोळ्याचं ऑपरेशन होतं. ओठ दिसेनात, म्हणजे काम संपल्यातच जमा. आणि दवाखान्यातल्या बाईंनी बजावलेलं: सोबतीचं माणूस आणि त्याची सही नसेल तर आल्या पावली परत. कुणाला सांगावं म्हणून खर्जराव बोटांवर नावं मोजायला बसले, तर दहाही बोटं तशीच उरली.

शेवटी बहिणीला फोन लावला. पण विनवणी त्यांच्या घशाने जन्मात केलेली नव्हती. आवाज सवयीने पोटातून आला.

"तू येशील. कारण यात तुझाच फायदा आहे."

मग कोणकोणता फायदा, ते त्यांनी सात मिनिटं ऐकवलं.

"झालं भाषण?" ती म्हणाली. "दादा, तुझे खलनायक तुझ्यापेक्षा बरे. हातात पिस्तूल असून गोळी झाडत नाहीत, नायकाला बांधून सगळा डाव सांगत बसतात. कुणीतरी ऐकावं म्हणून. तुझ्या तत्त्वात ऐकणारा कुठे बसतो रे?"

समोर संवादाचा कागद नव्हता. पातळ, कधी न वापरलेला आवाज निघाला. "तुझा फायदा काहीच नाही गं. मला भीती वाटते."

पलीकडून फोन ठेवला गेला.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर शेजारी पिशवी ठेवून ते जागा धरून बसले. तिथे बसायला आलेल्या दोघांना त्यांनी खर्जात पिटाळलं. तिसरी सावली हलेना.

"पिशवी उचल," ती म्हणाली.

तिने सही केली. नात्याच्या रकान्यात काय लिहिलं, ते त्यांना दिसलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.