प्रश्न चौदावा

लाल-निळ्या पेन्सिलीचं लाल टोक नखाएवढं उरलं होतं आणि निळं मात्र लांब, जवळजवळ न वापरलेलं... लाल म्हणजे बाद फॉर्म. एकसष्ट तपासून झाले, त्यातले त्रेचाळीस लाल. वच्छलेला हसूच आलं. काय पण एकेक विद्यार्थी, सगळे संत!

चौदावा प्रश्न तिनंच घातला होता : 'मदत मागणाऱ्याला आपण कधी नकार दिला आहे काय? असल्यास केव्हा?' मागच्या वर्षी दुष्काळात कॉलेजची मुलं कुंभारीच्या तलावातला गाळ काढायला शिबिराला गेली होती. ती का गेली, पुन्हा जातील का, असे वीस प्रश्न, आणि त्यात हा एक खोटं पकडायचा. 'कधीच नाही' लिहिलं की फॉर्म बाद, कारण असा माणूस जगात नसतो. नियमही तिचाच.

आणि मी? मी भरला तर काय लिहीन – कधीच नाही. अगदी खरं. म्हणजे मीही बाद.

पर्समध्ये पाकीट होतं. पुण्याच्या संस्थेनं तिला दोन वर्षांच्या संशोधनासाठी निवडलं होतं आणि होकारावर उशिरात उशिरा आजच्या तारखेचा टपालाचा शिक्का हवा होता, म्हणजे चारच्या आत पोस्टात पडायला हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. होकार लिहून, पाकीट चिकटवून आठ दिवस झाले होते. आठ दिवस! टपालपेटी का लंकेत होती? पण सोमवारी वहिनी शेजारणीला सांगत होत्या, वन्सं आहेत म्हणून या खेपेला बाळंतपणाला माहेरी जायला नको – ते आतून ऐकता ऐकता तव्यावरची पोळी करपली. कुणी तिला 'जाऊ नकोस' म्हटलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं. भांडायला तरी कुणी समोर हवं ना. इथं नुसतं कौतुक, चहूबाजूंनी कौतुक, आणि त्यात तिचा जीव गुदमरत होता.

कुंभारीच्या सोनाबाईलाही तिनं हा प्रश्न विचारला होता, उगीच, फॉर्मबाहेर. सोनाबाई शेण थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दिला की नकार. सख्ख्या जावंला. घागरभर पानी मागत हुती, दिलं न्हाय. लई वाईट वाटलं, अजून वाटतंय. पर तहान मलाबी हुतीच की."

वच्छलेनं ते उतरवून घेतलं होतं. घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचलं होतं आणि तिला त्या बाईचा हेवा वाटला होता... शेण थापणाऱ्या बाईचा, हेवा!

तीनचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा आबासाहेब – तिच्या विभागाचे प्रमुख – दारात उभे होते. विद्यापीठाची माणसं उद्याच येताहेत, शिबिराचा अहवाल आजच हवा. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त," ते म्हणाले, नेहमीसारखं, आणि ते खरंच निर्धास्त दिसत होते. मला चारच्या आत पोस्टात जायचंय, हे वाक्य तिनं मनात जुळवलं, अगदी कर्ता-कर्म-क्रियापदासकट. तोंडातून निघालं, "हो सर." ते गेल्यावर तिनं कोरा कागद ओढला, 'कुंभारी येथील शिबिर' असं लिहून खाली रेघ मारली. रेघ तेवढी छान सरळ आली.

पावणेचारला तिप्पण्णा आला. कॉलेजचा शिपाई, अक्कलकोटकडचा. सहा वर्षं महिन्यातून एकदा तो असा निळं अंतर्देशीय घेऊन यायचा, खुर्चीवर न बसता आईला काय लिहायचं ते सांगायचा, ती लिहायची, गावातले मास्तर त्या म्हातारीला कन्नडमध्ये सांगायचे. पाच मिनिटांचं काम. याच्याइतकं कमी तिच्याकडे कुणीच मागितलं नव्हतं.

"आज नाही, तिप्पण्णा."

शब्द बाहेर पडला आणि तिलाच दचकायला झालं. हे कुठं होतं इतकी वर्षं? आणि निघालं ते याच्यावर... सरांसमोर दातखीळ, आणि या गरिबासमोर हे! लाज वाटली तिला. तो खट्टू होईल म्हणून ती बघत राहिली, तर तिप्पण्णा चक्क हसला.

"बरं झालं बाई, न्हाय म्हनलासा. तुमी कदीच न्हाय म्हनत न्हाय, मग तुमाला कंटाळा आलाय का काय, आमाला कसं कळायचं? दर खेपंला जिन्यात उभारतो आन् मग वर येतो." त्यानं अंतर्देशीय खिशात घातलं. पोस्टाबाहेर लिहून देणारा बसतो, आता तिकडंच जातो, म्हणाला. दारातून वळला. "तुमचं काय टपाल हाय का? चारच्या आत टाकतो."

"नाही," ती म्हणाली.

अगदी सहज, मघापेक्षाही सहज. तो गेला. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. वच्छलेचा हात पर्सवर होता. पर्स तिनं केव्हा मांडीवर घेतली, कळलंच नाही... टेबलावर अहवालाचा कागद, ती सरळ रेघ, शेजारी एक कोरा फॉर्म. आता चौदाव्या प्रश्नाला उत्तर होतं. आजची तारीख, दोन वेळा – एकदा त्याला, एकदा स्वतःलाच. निळ्या टोकानं खूण करता आली असती.

खाली सायकलचं स्टँड खटकन वर गेलं. हाक मारली तर अजून ऐकू जाईल. तिप्पण्णा, थांब – दोनच शब्द. पण आयुष्यात तिनं कुणाला थांब म्हटलं नव्हतं. तिला तहान लागली होती, केवढी तरी.