स्तुती संपेपर्यंत

"पानी कोठं गेलं जी? मी इचारून राहिली, पानी कोठं गेलं?"

तुळसा पाटाच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा नवरा तेजराम धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, धुऱ्यावर गुडघे टेकून बसला होता. त्याची दुपारची प्रार्थना नुकतीच संपली होती आणि पाटात तळाशी ओल तेवढी उरली होती.

"आत्ता तं होतं," तेजराम म्हणाला. "मी डोरे मिटले तवा चांगलं वाहून राहिलं होतं."

"तुमी डोरे मिटले का पानी गोमाजीच्या बांधीत जाते. साऱ्या गावाले मालूम हाये. तुमालेच कसं मालूम नाही?"

मी पलीकडच्या माझ्या बांधीत गवत काढत होतो. मान वर केली नाही. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तुळसाचंच बरोबर वाटत होतं.

सानगडीच्या बाजूला आमचं गाव. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, भंडारा लहान झाला, पण आमच्या तलावाच्या पाण्याची रीत बदलली नाही. पाळी ज्याची, त्यानं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाटावर राखण करायची. त्या दिवशी बाकीच्यांनी आपापल्या बांधीची तोंडं चिखलानं बुजवून ठेवायची. पण पाळीवाल्याची नजर चुकली आणि कुणी तोंड उघडलं, तर पंचांपुढे ओरडायचं नाही. डोळे उघडे ठेवायचं काम पाळीवाल्याचं. असा नियम कुण्या शहाण्यानं केला ते मला माहीत नाही, पण तो चालत आला होता.

आणि या नियमात तेजराम सापडला होता. लग्नानंतर काही वर्षांनी हे दोघं येशूचे झाले. तेजराम तीन वेळा प्रार्थना करायचा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, शेतात असला तर शेतातच. डोळे गच्च मिटून आणि तलावाच्या बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आधी स्तुती, मग मागणं. स्तुती म्हणजे काय थोडीथोडकी? सूर्यासाठी धन्यवाद, मातीसाठी धन्यवाद, बैलांसाठी, बगळ्यांसाठी, बांधीतल्या बेडकांसाठी धन्यवाद. मागण्यापर्यंत पोचता पोचता माझं अर्धं गवत निघून व्हायचं.

वरच्या बांधीचा गोमाजी कान देऊन असायचा. स्तुती सुरू झाली म्हणजे तेजरामचे डोळे मिटले. मग तो हळूच आपल्या बांधीचं तोंड उघडायचा आणि 'आमेन' ऐकू आलं की बुजवून टाकायचा. वर म्हणायचा, "त्यानं डोरे मिटले, त्याच्या देवासाठी मिटले. मी का मिटवले?" मला त्याचा संताप यायचा. त्याहून जास्त संताप तेजरामचा यायचा. अरे, देवानं डोळे दिले त्याचेही धन्यवाद मानतोस ना, मग वापर की ते!

दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस कधीचाच पाठ फिरवून गेला होता. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. धान निसवला होता, दाण्यात दूध भरायचं तेवढं राहिलं होतं. तलावात एकेक पाळी होईल एवढंच पाणी होतं. तेजरामची आता एकच, शेवटची पाळी यायची होती. ती हुकली की त्याच्या बांधीत नुसती फोलं उरणार होती आणि घरात वर्षभर खायला काय, हा प्रश्न होता.

त्या पाळीच्या दिवशी सकाळी तो पाटावरूनच माझ्या धुऱ्याशी आला. चेहरा उतरलेला होता.

"मधुकरभाऊ, तुमी सांगा. मी रोज देवाची स्तुती करतो अन् माहाच धान वारते. बापाले काई वाटत नसन का?"

"मनातल्या मनात कर ना प्रार्थना," मी म्हणालो. "उघड्या डोळ्यांनी कर."

"करून पायली ना जी, आत्ताच. सकारची. धन्यवाद बापा म्हनलं अन् नजर गेली गोमाजीच्या फावड्यावर. धन्यवाद राहिला बाजूले, तोंडातून शिवीच निघाली. देवाच्या पुढं शिवी! अशी स्तुती कायले करू?"

त्याचे डोळे भरून आले. माझा राग थोडा खाली बसला. तेवढ्यात मागून तुळसा आली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, कपाळावर आठ्या.

"देव का निस्ता धुऱ्यावरच आयकते?" ती कडाडली. "मीबी चूल पेटवताना त्याचं नाव घेते. दोन शब्द बोलते अन् कामाले लागते. तुमाले लंबीच करा लागते, मोठ्यानंच करा लागते, तं जा, पाटात उभे राहून करा! गोमाजीच्या तोंडावर पाय ठेवून करा! पन आज पानी गेलं तं मी घरी येत नाही, सांगून ठेवते."

ती रागानं बोलली होती. तेजरामनं मात्र ते मनावर घेतलं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तसा तो पाटात उतरला. गोमाजीच्या बांधीचं तोंड जिथं चिखलानं बुजवलं होतं, तिथंच त्या चिखलात टाच रोवून उभा राहिला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होतं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले.

"धन्यवाद बापा, या दिवसासाठी! धन्यवाद या उन्हासाठी!"

मी कपाळावर हात मारला. हा काही सुधारायचा नाही, मला वाटलं. तुळसा धुऱ्यावर खाली मान घालून बसून राहिली. गोमाजीच्या बांधीत धान हलला. आवाज ऐकून तो नेहमीसारखाच वाकून, धानाआडून सरपटत आपल्या तोंडाशी आला होता. धान कमरेएवढा, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते त्याला दिसलं नसावं. त्यानं खालून चिखलात हात घातला.

"धन्यवाद बैलांसाठी! धन्यवाद बगळ्यांसाठी!" तेजराम थबकला. टाचेखाली काहीतरी कोरत होतं. "धन्यवाद बापा, या खेकड्यासाठी..."

त्यानं टाच जोरात दाबली. चिखलातून 'अगं माय' ऐकू आलं.

"बापा, या खेकड्याच्या बोटात अंगठी हाये!"

आजूबाजूच्या बांध्यांतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी फसकन हसलं. तेजरामनं डोळे उघडले नाहीत, टाचही उचलली नाही. सगळा भार तिच्यावर टाकून त्यानं आवाज आणखी चढवला आणि त्या आवाजात राग होता, अगदी स्पष्ट.

"धन्यवाद गोमाजीसाठी, बापा! त्याच्या हातासाठी, जो आज माह्या पायाखाली हाये! त्याले नातू दे, त्याले धान दे, त्याच्या म्हशीले दूध दे. पन आज त्याले पानी नोको देऊ बापा, आज माही पारी हाये!"

"तेजराम, बावा, पाय उचल!" गोमाजी धानातून ओरडला. त्याचं तोंड चिखलानं माखलं होतं. "हात दुखून राहिला ना!"

"माही प्रार्थना चालू हाये."

"मंग लवकर आटप ना! आमेन म्हन! आमेन, आमेन! घे, मीच म्हनलं!"

आता सगळं शिवार हसत होतं. गोमाजीला नियमाचा आधार घ्यायचीही सोय नव्हती, कारण तेजरामचे डोळे मिटले होते तरी राखण सुटली नव्हती, आज नजर चुकली होती ती गोमाजीची. पाणी पाटातून सरळ खाली तेजरामच्या बांधीत उतरत होतं आणि भेगा गिळत होत्या.

तेजराम घुटमळला. शेवटी मऊ मनाचा माणूस तो. "धन्यवाद बापा," तो हळू आवाजात म्हणाला, "आता आ..."

"थांबा जी!"

तुळसा धुऱ्यावर उठून उभी राहिली होती. आपल्या दुसऱ्या, खालच्या बांधीकडे एकवार नजर टाकून तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"कायची घाई करून राहिले?" ती म्हणाली. "खालच्या बांधीत पानी अजून पोचलं नाही. अन् बेडकं राहिलेच ना."