घोड्याच्या वर्षाचं टेबल

मेनू मी अठ्ठावीस तारखेला घरच्या ग्रुपवर टाकला. माझी लेक इंजू झोपली होती, तेवढ्या चाळीस मिनिटांत तो सजवला. वर लाल घोडा, खाली पदार्थ. गाजर-अक्रोडाची कोशिंबीर, बीट आणि खारवलेल्या माशाचं सॅलड घोड्याच्या नालाच्या आकारात, ओटची बिस्किटं, हिरव्या पाल्याच्या गुंडाळ्या, भाजलेली कोंबडी. येणारं वर्ष घोड्याचं, तर घोड्याला रुचेल तेच टेबलावर. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं की वर्षाच्या मालकाला दुखवायचं नाही, म्हणून यंदा घोड्याचं मांस नाही. टीव्हीवर, बाजारात, सगळीकडे हेच चाललं होतं.

नणंदेनं, जाउरेताईनं, लगेच बदाम पाठवला. मामेसासऱ्यांनी टाळ्या. अपाच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावापुढे फक्त दोन निळ्या खुणा.

तीन दिवस मी त्या खुणा बघत होते. इंजूला भरवताना, कपडे वाळत घालताना. आमच्या स्वतःच्या घरातलं हे पहिलं नवीन वर्ष. आणि वसंतात अता, म्हणजे सासरे, गेले, त्यानंतरचं अपाचंही पहिलंच. त्यांनी या दिवशी एकटं बसू नये, एवढंच मला हवं होतं. मेनू वगैरे सगळं त्यासाठीच. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

एकतीस तारखेला सकाळी येर्नारचा प्लांटवरून फोन आला. माझा नवरा लांबण लावत नाही. आई म्हणते तुम्ही करा, ती घरीच बरी, तिला टीव्ही आहे. मी विचारलं, का? तो म्हणाला, विचारलं नाही. पाळी चारला संपणार होती त्याची, पाहुणे पाचला. मागे बॉयलरचा आवाज येत होता, तो ठेवतो म्हणाला आणि ठेवला.

मी सॅलडच्या नालावरचे ऑलिव्ह काढून पुन्हा लावले. मग पुन्हा. जाउरेताईला फोटो पाठवला तर तिचा फोनच आला.

"संडासाची सीट दिसतेय गं."

मी हसले नाही. तशी ती हळूच म्हणाली की कझीचं तुला माहीत नाही वाटतं. नोव्हेंबरात घोडा कापला तेव्हा बरगडीचं मांस अपानं मागून घेतलं होतं. दरवर्षी मीठ, लसूण, मिरी लावून आतड्यात भरायचं काम अतांचं, अपा त्या बाजूला फिरकायच्याही नाहीत. यंदा त्यांनी एकटीनं दोन दिवस बसून भरली. एकच मोठी, हातभर लांब. बाल्कनीत टांगून ठेवलीय, आजच्या दिवसासाठी.

"कुणी मला सांगितलं का नाही?"

"तू कुठं विचारलंस? तू मेनू पाठवलास."

मी ओव्हन बंद केला. इंजूला दोन पायमोजे, लोकरीची विजार, वर फुगीर सूट चढवला. ती लाकडासारखी ताठ झाली आणि रडायला लागली. बाहेर उणे चोवीस. बस येईना, टॅक्सी मिळेना. स्टॉपवर मी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अपा, मला माहीत नव्हतं. अपा, ते टीव्हीवर सांगत होते. प्रत्येक वाक्य मागच्याहून वाईट.

दार लगेच उघडलं. अपा कोट घालून उभ्या. डोक्याला चांगला पांढरा रुमाल, पायात मात्र सपाता. त्यांनी इंजूला माझ्याकडून ओढून घेतलं, गाल हुंगले आणि मला म्हणाल्या की दारात उभी राहून घर गार करू नकोस.

स्वयंपाकघरात कझी टेबलावर होती, फडक्यात. म्हणजे बाल्कनीतून आत आणलेली. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"सकाळपासून तीनदा आत आणली नि तीनदा बाहेर टांगली," त्या म्हणाल्या. "कोटाचंही तेच. मुलाच्या नव्या घरी पहिल्यांदा जायचं, तर हात हलवत कशी येऊ? आणि हे घेऊन यावं तर तू वर पाटी लावून ठेवलेली."

स्टॉपवर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "अपा, मला ही शिजवताच येत नाही. म्हणूनही नको म्हटलं असेल."

हे मला स्वतःलाही तोवर कळलं नव्हतं. दोन वर्षं त्यांच्याच घरात राहिले, पण कझीच्या पातेल्याजवळ अता उभे असायचे. मी कांदे सोलण्यापलीकडे कधी गेलेच नाही.

अपा इंजूच्या सूटची चेन खाली ओढत बसल्या.  मग म्हणाल्या, "तुमच्या टीव्हीवरच्या बाईला सांग, घोडा अजून आलेलाच नाही. आपलं वर्ष नौरुजला बदलतं, मार्चात. तोवर सापाचंच वर्ष आहे. तुझ्या टेबलावर साप आहे का?"

"नाही."

"मग कोण रुसणार?"

मला हसू आलं. नौरुज मला काय माहीत नव्हता? माझी आजी माणसाचं वय याच हिशेबानं मोजायची. चाळीस मिनिटांत फोनवर लाल घोडा शोधताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

"कुठं ठेवशील?" त्यांनी विचारलं. "कोपऱ्यात, ब्रेडच्या मागं?"

"मधोमध."

"आणि तुझा तो नाल?"

"सरकेल बाजूला."

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात कझी मावेना. अपानं ती कमानीसारखी वाकवली, गार पाण्यात ठेवली, माझ्या हातात सुई दिली. इथं टोच, इथं, खोल नको, फुटली तर सगळी चरबी पाण्यात जाईल.  आच कमी कर, म्हणाल्या, आणखी कमी. दोन तास आम्ही पाळीपाळीनं झाकण उचलत राहिलो. दोघींनाही बसवेना. मध्येच त्या म्हणाल्या की मीठ जास्त झालं असणार, अता डोळ्यांच्या अंदाजानं घालायचे आणि माझे डोळे ते नव्हेत. मी फेस काढत राहिले. फुटली नाही.

पाचला सगळे आले. जाउरेताईनं नालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ मुडपले. येर्नारनं कझी कापली, जाड, वाकडी. पहिला तुकडा आईच्या ताटलीत ठेवला. आम्ही सगळे कोशिंबिरी चिवडत त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सावकाश चावला.

"खारट झालीय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा उचलला.

मग सगळे तुटून पडले. गाजराची कोशिंबीर संपली, ओटची बिस्किटं मुलांनी खिशात भरली, नाल अर्धाच खाल्ला गेला. उठायच्या आधी अपानं ताटातले उरलेले मांसाचे तुकडे चरबीसकट मुठीत गोळा केले. जेवणाच्या शेवटी घरातल्या थोरानं असा घास धाकट्याच्या तोंडात द्यायचा असतो. हा घास नेहमी अता द्यायचे. मला वाटलं, त्या येर्नारकडे वळतील. त्या माझ्याकडे वळल्या.

"आ कर."

मी केला. मूठ मोठी होती, चरबी हनुवटीवरून ओघळली. इंजू टाळ्या पिटायला लागली.

"मार्चात माझ्याकडे यायचं," बोटं पुसत अपा म्हणाल्या. "तेव्हा घोडा खरोखर आलेला असेल. काय रांधायचं ते तू ठरव, पण आधी मला विचार."

तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान हलवली.