ठिणगी जरा उशिरा

उस्तादांचा कान म्हणजे गॅरेजांच्या त्या गल्लीत शेवटचा शब्द. गाडी दारात उभी राहायच्या आत ते आतूनच सांगायचे, "टॅपेट सैल झालंय." तीस वर्षं हे असंच चालत आलेलं. म्हणून गुरांची डॉक्टर आपली मोटारसायकल घेऊन आली, तेव्हा त्यांनी हातातला पाना खालीसुद्धा ठेवला नाही.

डॉक्टरने दुसरीकडून मोकळा सायलेन्सर आणि नवा एअर फिल्टर बसवून घेतला होता. तेव्हापासून गाडी कमी वेगात आचके द्यायची, आणि औषधांची पेटी मागे बांधून चढाला लागली की इंजिन खडखडायचं.

"काका, मी इंजिनाला जोडायची दोन मॉड्यूल बघून ठेवलीत," ती म्हणाली. "एक नुसतं पेट्रोल कमीजास्त करतं. दुसरं ठिणगीची वेळही बदलतं. कुठलं घेऊ?"

उस्ताद चढावर एक चक्कर मारून आले. आचके त्यांच्या कमरेलाच कळले. खडखड मात्र कुठे नव्हती.

"पेट्रोलवालं पुरे. मोकळ्या सायलेन्सरने गाडी उपाशी पडलीय, तिला चार घास जास्त लागतील, एवढंच. ठिणगीच्या नादाला लागाल तर चांगलं इंजिन हातचं घालवाल."

त्यांनी ते बसवलं. चार दिवसांनी डॉक्टर परत आली. "आचके गेले. खडखड आहे तशीच आहे."

"मनात बसलंय तुमच्या," उस्ताद हसले.

तिने वाद घातला नाही. गाडी उद्यापर्यंत ठेवते म्हणाली आणि चालत निघून गेली.

उस्तादांची बायको सुट्या भागांच्या काउंटरवर बसायची. तिने सगळं ऐकलं होतं. ड्रॉवर लोटून ती उठली.

"मला त्या चढावर एक चक्कर मारून आणा."

"आत्ता? मध्येच काय?"

"औषधांच्या पेटीएवढी तरी मी भरेनच. चला."

अर्ध्या चढावर तिने त्यांचा खांदा थोपटला. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"डब्यात खडे घालून हलवावेत, तसं वाजतंय."

"कधी वाजलं?"

"मघापासून. तुम्ही थांबलात तेव्हा थांबलं."

उस्ताद रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकले. खाली गावातली छपरं दिसत होती.

"तुला ठाऊक होतं? माझ्या कानाचं?"

"वर्ष झालं असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्हाला ऐकू आलं नाही."

आधी त्यांनाच हसू फुटलं, मग तिला.

दुपारी त्यांनी पहिलं मॉड्यूल काढलं आणि दुसरं मागवून इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरींत जोडलं. पेट्रोलचे आकडे तेच ठेवले. चढावर इंजिनवर ताण येतो, तेवढ्यापुरती ठिणगी मॉड्यूलच्या मोबाइल ॲपवरून एक अंश उशिरा केली. बायको मागे बसली. खडखडलं की खांदा थोपटायचा, असं ठरलं. पहिल्या फेरीत वळणावरच थाप पडली. दोन अंश केल्यावर पार माथ्याशी. तीन अंशांवर तिचा हात हललाच नाही. खात्रीसाठी उस्तादांनी ठिणगी आणखी एक अंश उशिरा केली, तर गाडी चढावर जड झाली. ते मात्र त्यांच्या मनगटाला बरोबर कळलं. ते पुन्हा तिनावर आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चढावर जाऊन आली आणि गाडी स्टँडवर लावून हसली.

"आवाज होता," उस्ताद म्हणाले. "तुमचं खरं होतं, मीच चुकलो. माझे कान मंदावलेत. आता चढावरची परीक्षा ही घेते," आणि त्यांनी काउंटरकडे बोट केलं.

डॉक्टर म्हणाली, "मी बैलांचे कान तपासते, काका. तुम्हाला माणसांचा डॉक्टर लागेल."

"हट्ट तर बैलाचाच केला होता," काउंटरवरून आवाज आला.

हे उस्तादांना ऐकू आलं. डॉक्टरने एका ओळखीच्या कानाच्या डॉक्टरचं नाव पावतीच्या मागे लिहून दिलं. मंगळवारी सकाळी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून दोघं नवराबायको तिकडे गेली. आत जाताना उस्तादांनी हात स्वच्छ आहेत ना, हे दोनदा बघून घेतलं.