पंपाच्या झाकणावरचा उंचवटा

मित्रांनो, सागवानी लाकडाचा मी एक जुना पॅटर्न आहे. कोल्हापुरातील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मला वाळूत दाबून अलगद उचलून घेत आणि मागे उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतत. त्यातून पंपाचे झाकण तयार होई.

माझा जन्म १९६६ सालचा. पंचगंगेच्या काठावरील एका विलायती पंपाचे झाकण फुटले. परदेशी सुटा भाग आणायला दिल्लीचा परवाना लागे, आणि अर्जाला आठ महिने उत्तर नव्हते. तेव्हा मालक अप्पांनी ते फुटके झाकण गुंडू सुतारापुढे ठेवले.

थंड होताना लोखंड आक्रसते, म्हणून गुंडूने मला किंचित मोठे घडवले. नदीच्या पाण्यातील वाळूने झाकण झिजते, म्हणून आतली कड दुप्पट जाड केली. मूळ झाकणाच्या पाठीवर सुपारीएवढा उंचवटा होता. तोही त्याने हुबेहूब कोरला.

"ह्यो कशाला रे?" अप्पांनी विचारले.

"सायबानं ठेवलाय म्हंजे काय तरी काम असंलच की, अप्पा."

पुढे अठरा वर्षे माझ्यावरून हजारो झाकणे निघाली. प्रत्येकावर तो उंचवटा होता. परदेशी माल येत नव्हता, गिऱ्हाइकाला दुसरे दार नव्हते. त्यामुळे कोणी पुन्हा विचारले नाही.

१९८४ मध्ये तो पंप बनवणाऱ्या विलायती कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून अंबादासराव नावाचे इंजिनिअर भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आले. पॅटर्न कंपनीचे येतील, इथले मोडीत निघतील, अशी अट होती. म्हणजे गुंडूचे कामही जाणार होते.

त्यांनी मला हातात घेतले. "हा उंचवटा कशाचा?"

"तुमच्याच कंपनीचा हाय की, सायेब," गुंडू म्हणाला.

अंबादासरावांनी मूळ नकाशा उलगडला. त्यात उंचवटा नव्हता. पूर्वी तडा गेलेल्या जागी कुणीतरी केलेल्या वेल्डिंगचा तो गोळा होता, हे त्यांनी ओळखले.

"म्हणजे अठरा वर्षं तुम्ही ठिगळाची नक्कल करत होता?"

भट्टीवरची माणसे हसली. गुंडू हसला नाही. "ती चूक माझी. आता आतली कड बघा. एवढी जाड कड तुमच्या नकाशात हाय काय?"

नव्हती.

"तुमचं झाकण दोन वर्षांत झिजतंय, हे सात वर्षं चालतंय. आमच्या नदीची वाळू तुमच्या नकाशाला ठावं न्हाय."

अप्पांनी बराच वेळ नकाशा पाहिला. "नकाशे द्या, तपासून घेऊ. पण पॅटर्न हितंच बनणार. पटत नसंल तर च्या घिऊन निघा, पावणं."

पत्राने कळवतो म्हणत अंबादासराव चहा घेऊन निघाले. त्यांचे पत्र अद्याप आलेले नाही.

त्याच दिवशी गुंडूने पटाशीने माझा उंचवटा तासून काढला. तिथे आता लाकडाचे एक फिकट वर्तुळ आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण कधीतरी हातात घेऊन, हे इथे कशासाठी आहे, असेही विचारा. गुंडू आता नवे काम हाती घेण्यापूर्वी माझ्या त्या वर्तुळावरून अंगठा फिरवतो, आणि मगच समोरचा नमुना उलटून पाहतो.