आतल्या खोलीतली शिवण

आई गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांनी दुकान उघडलं. घोड्यांच्या डॉक्टरांचे बूट अर्धवट राहिले होते. डाव्याचा तळ शिवून झाला होता, उजवा साच्यावर तसाच ताणून ठेवलेला. डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. गुडघ्यापर्यंतचे बूट ते दर तीन-चार वर्षांनी आमच्याकडूनच करून घेत आणि भेटेल त्याला सांगत, "असा टाका घालणारा हात आता दुसरा उरला नाही."

तो हात आईचा होता.

हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. बूट करायचं काम आमच्याकडे बाबांच्या पणजोबांपासून चालत आलेलं. मी दोन वर्षांची असताना चामडं कापता कापता बाबांची रापी निसटली आणि उजव्या अंगठ्याची शीर तुटली. जखम भरली, पण अंगठ्यात जोर उरला नाही. माप घेणं, लाकडी साचा तासणं, चामडं कापणं, सगळं त्यांना जमायचं. फक्त तळाची शिवण जमेना. तळ शिवायचा म्हणजे आरीने भोक पाडायचं, त्यातून दोन बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि मेण लावलेला दोरा दोन्ही हातांनी एकदमच ओढायचा. ओढ कमी पडली की बुटात पाणी शिरलंच म्हणून समजा.

बाबा शेजारी बसून सांगत गेले, आई करत गेली. वर्षभरात ती त्यांच्याही पुढे गेली. दुकानामागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं बुटकं स्टूल असे. गिऱ्हाईक आलं की बाबा मधलं दार लावून घेत. ती आतून नुसत्या पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायची आणि तो गेला की म्हणायची, "यांचा डावा पाय उजव्यावर रुसलाय. डाव्याची टाच जरा उचला." तिचं बरोबर निघायचं. डॉक्टरांच्या पायांना ती होड्या म्हणायची.

घरातलं बाहेर बोलायचं नाही, असं मला लहानपणीच बजावलेलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर, मोठी झाल्यावरही वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी रजा काढून घरीच होते. बाबांनी मधलं दार लावलं, उजवा बूट गुडघ्यांत धरला आणि शिवायला बसले. दहा-बारा टाके झाले की दोरा ढिला पडायचा. उसवायचे, पुन्हा घालायचे. दोरा मनगटाला गुंडाळून ओढून पाहिला, मग दातांत धरून. चौथ्या दिवशी मी आत गेले तर चामड्याच्या कडेची चाळण झाली होती आणि त्यांच्या मनगटावर लाल वळ उठले होते.

"बाबा, पुरे आता."

"एकच बाजू राहिलीय."

"ते चामडं टाका धरणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि तरी पुढचं भोक पाडलं.

डॉक्टर शनिवारी आले. आईबद्दल दोन शब्द बोलले, मग बुटांचं विचारलं. मला वाटलं, बाबा तब्येतीचं काहीतरी कारण सांगतील. त्यांनी दोन्ही बूट टेबलावर आणून ठेवले.

"डावा तिने शिवलाय. उजवा मी."

डॉक्टरांना कळेना. "तिने म्हणजे?"

"हिच्या आईने. तुमचे सगळे बूट तिनेच शिवलेत. एकतीस वर्षं झाली."

डॉक्टर बराच वेळ डाव्या बुटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मी दर वेळी तुमचा हात हातात घेऊन कौतुक करायचो," ते म्हणाले. "तेव्हा त्या आतच असायच्या?"

"दाराच्या पलीकडे."

"ऐकू जात असेल."

"जायचं."

डॉक्टर चिडले असते, चार शब्द बोलले असते, तर बाबांना हलकं वाटलं असतं. पण डॉक्टर बूट तिथेच ठेवून निघून गेले.

त्यांच्याच सांगण्यावरून पुढच्या महिन्यात गावातल्या संग्रहालयाच्या बाई आल्या. दुकान बंद करायचं हे तोवर ठरलं होतं. बाईंना साचे, हत्यारं आणि जुने फोटो हवे होते. चार पिढ्यांची नावं घालून पाटी करणार होत्या.

बाबा म्हणाले, "त्यात हिच्या आईचं नाव घाला. शिवण तिची."

बाई अवघडल्या. "घालू ना. पण मला वरती काहीतरी दाखवावं लागेल हो. काम करतानाचा एखादा फोटो वगैरे?"

आम्ही पेटी उपसली. फोटो पुष्कळ होते. बाबा बूट हातात घेऊन, बाबा साच्यांच्या फळीसमोर, बाबा गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेताना. एका फोटोत मधलं दार जरासं उघडं राहिलं होतं आणि त्या फटीत आईचं कोपर दिसत होतं. तेवढंच.

तेव्हा बाबांनी ते दोन बूट बाईंपुढे ठेवले. "आधी या शिवणीवरून बोट फिरवा. मग हिच्यावरून."

बाईंनी फिरवलं. मग वही उघडली आणि आईचं पूर्ण नाव विचारून घेतलं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा विचारलं.

बूट आता काचेमागे आहेत, खाली तिचं नाव आहे. बाबा बघायला आले नाहीत. मी जाऊन आले आणि त्यांना सांगितलं की अक्षरं मोठी आहेत, लांबून वाचता येतात. ते रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसले होते. फळ्या काढल्यामुळे भिंतींवर पांढरे पट्टे राहिले होते.

"तिने एकदा विचारलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मला मानपत्र मिळालं ना, त्या दिवशी. मी निघताना म्हणाली, आज सांगाल का सगळ्यांना? हसत हसतच म्हणाली. मी म्हटलं, लोक आपल्याकडे यायचे बंद होतील. बरं म्हणाली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी शिवायला बसली. परत कधी विचारलं नाही." त्यांनी उजवा अंगठा चोळला. "मला वाटलं, पटलं तिला."

मला त्यांचा राग आला. पण तो दिवस मलाही आठवत होता. मी सोळा वर्षांची होते आणि नवा ड्रेस घालून पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. एक जोड संपवायचा आहे म्हणून आई घरी राहिली होती, आणि मीही तिला चल म्हटलं नव्हतं. मी दुसरी खुर्ची ओढली आणि बाबांच्या शेजारी बसले.